मोजणीत एक जास्त

१

दर मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास बबिता पाण्याच्या टाकीचा जिना चढायची आणि नवव्या पायरीवर फतकल मारून बसायची. नववीच का, तर त्या पायरीवर मोबाईलला चार काड्या मिळतात. आठवीवर दोन आणि दहावीवर एकही नाही. उमरखेडच्या डांबरी रस्त्यापासून आत, टेकडीच्या पोटाशी बसलेला हा तांडा. इथं एखादी गोष्ट चालत असली की ती का चालते म्हणून कुणी विचारत नाही, कारण विचारलं की ती बंद पडते असा सगळ्यांचा अनुभव.

तर त्या पायरीवर बसून बबिता 'झरोका' अपडेट करायची. झरोका म्हणजे मोबाईलवर इंटरनेटची पानं उघडायचा ब्राउझर, पुण्याच्या एका छोट्या कंपनीचा. त्याची दोन रूपं. एक पक्कं, सगळ्या जगासाठी. दुसरं बीटा, म्हणजे कच्चं. ज्यांना हौस आहे त्यांनी ते आधी वापरायचं, चुका शोधायच्या आणि कंपनीला कळवायच्या. पगार नाही, पाणी नाही, नुसतं 'धन्यवाद बबिताताई' असं उत्तर येतं. खाली नाव शीला. बबितानं आजवर एक्केचाळीस चुका कळवल्या होत्या आणि तिला त्याचा चांगलाच तोरा होता.

पण खरी गोष्ट तोऱ्याची नव्हती. तिचा मोठा भाऊ बादल तीन वर्षांपूर्वी तापानं फणफणला, बरा झाला, आणि डोळ्यांच्या शिरा सुकवून बसला. नागपूरपर्यंत दाखवून झालं. कच्च्या झरोक्यात एक सोय होती जी पक्क्यात अजून आली नव्हती. फोटोवर बोट ठेवलं की एक बाई शांत आवाजात मराठीतून सांगायची, या चित्रात काय आहे. बादल तिला 'मॅडम' म्हणायचा.

सुरुवातीला मॅडमनं लाज आणली. तांड्याच्या म्होरक्याच्या, पूनमसिंग नायकाच्या मिशीला ती 'ओठावर बसलेला कावळा' म्हणाली. शेजारच्या बकरीला 'स्वेटर घातलेली वयस्क महिला' म्हणाली, तेव्हा बादल खाटेवरून खाली पडेपर्यंत हसला. पण दर मंगळवारी ती थोडी थोडी शहाणी होत गेली.

"तुह्यं पक्कं तुले लखलाभ," बादल म्हणायचा. "मले कच्चंच पाह्यजे. पक्क्याले कोठी दिसते?"

२

श्रावणात तांड्यात तीज बसते. बिनलग्नाच्या पोरी आपापल्या टोपलीत वारुळाची माती आणि बकरीच्या लेंड्या घालून गहू पेरतात. नायकाच्या दारात मांडव पडतो, त्याला टोपल्या टांगतात आणि दिवसातून तीनदा गाणी म्हणत पाणी घालतात. शेवटच्या दिवशी भाऊ येतो आणि बहिणीच्या टोपलीतला गहू उपटून तिच्या केसांत खोवतो. मग नाच, मग गळ्यात पडून रडणं, मग गहू नाल्यात सोडायचा. पोरी त्या दिवसांत घरच्या राहतच नाहीत. भाकरी करपते, अभ्यास बोंबलतो, कुणी काही बोलत नाही.

यंदा नऊ पोरी होत्या. बबिता दहावी झाली असती, पण तिनं पेरलं नव्हतं. "लोकाइचे फॉर्म भरायचे हायत, मले टाइम कोठी हाय?" असं तिनं सांगितलं आणि फोटो काढायचं काम अंगावर घेतलं. फॉर्म वगैरे सगळी सबब. दोन वर्षांपूर्वी बादल तिची तीज तोडायला म्हणून मांडवात आला आणि चाचपत चाचपत त्यानं भलत्याच पोरीच्या, वर्षाच्या, टोपलीतला गहू उपटला. सगळे हसले. मनात कुणाच्या काही नव्हतं, वर्षासुद्धा हसली. बादलही हसला, हात झटकून घरी आला आणि त्यानंतर मांडवाकडे फिरकला नाही. बबितानं पेरणं सोडलं ते तेव्हापासून. बहिणीची टोपली असणारच नाही तर भावाला कुणी बोलावणारही नाही. माघात तिचं लग्न होतं, मुलगा केळापूरचा. म्हणजे ही शेवटची तीज, आणि तीही हातची गेलेली. आतून तिला फार वाईट वाटत होतं, पण हे बादलला सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळचा फोटो तिनं तांड्याच्या पानावर टाकला. बादल मागच्या खोलीत, खिडकी बंद करून, फोन कानाला लावून बसला होता. त्या खोलीला अलीकडे ओल्या मातीचा वास येत होता. कौल गळत असेल असं तिला वाटलं. झाडायला जाऊ म्हटलं तर हा दारातूनच हाकलायचा.

"अंगणात दहा मुली उभ्या आहेत," मॅडम म्हणाली. "त्या टांगलेल्या टोपल्यांना पाणी घालत आहेत. सगळ्या आनंदी दिसतात."

"नऊ," बबिता चुलीपासून म्हणाली.

"मॅडम दहा म्हणते."

"मॅडमनं बकरीले स्वेटर घातलं होतं, भिया. नऊ हायत. म्याच काढला न फोटो."

तरी तिनं हात पुसून फोन घेतला आणि बोटानं एकेक पोर मोजली. नऊ. पुन्हा उलटीकडून मोजली. नऊच. मग तिनं बेचाळिसावी चूक कळवली: गर्दीच्या फोटोत एक जास्त मोजतं.

३

मंगळवारी नवं कच्चं आलं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'गर्दीच्या चित्रांतली मोजणी सुधारली.' बबिताला गुदगुल्या झाल्या. पुण्यातली माणसं आपल्या एका ओळीवरून कामाला लागतात, ही काय साधी गोष्ट आहे?

घरी येताना तिनं परीक्षाच घेतली. नायकाच्या बकऱ्या: तेवीस, बरोबर. पंगतीला काढून ठेवलेल्या थाळ्या: चौसष्ट, बरोबर. फाट्यावर एसटीला लटकलेली माणसं तिला स्वतःला मोजता आली नाहीत, मॅडमनं एका दमात सांगितली.

मग घरी बादलजवळ बसून तिनं त्या सकाळचा तिजेचा फोटो लावला.

"दहा मुली. नऊ मुली पाणी घालत आहेत. दहावी मुलगी पिवळ्या ओढणीत आहे. ती टोपल्यांखाली उकिडवी बसली आहे आणि वर पाहून हसते आहे."

पिवळ्या ओढणीत कुणी नव्हतं. लाल होत्या, हिरव्या होत्या, राखी नावाच्या पोरीची निळी होती. बबितानं फोटो मोठा करून टोपल्यांखालची जागा पाहिली. माती, एक उलटा तांब्या आणि उन्हाचा तुकडा.

"कशी हाय वो ती?" बादलनं विचारलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"कोणी नाई तठी. उन्हाले ओढणी म्हणून राह्यली तुही मॅडम."

"ऊन हसते का?"

बबिता उठली आणि तडक नायकाच्या दाराशी गेली. दुपारची वेळ. पोरी जेवायला गेलेल्या, नायक शेतात. मांडवात चिटपाखरू नव्हतं. टोपल्यांत गहू बोटभर वर आला होता, आणि नुकतंच पाणी घातल्यासारखी प्रत्येकीतून थेंबांची टपटप चालू होती. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिनं खाली पाहिलं.

प्रत्येक टोपलीखाली मातीवर ओला गोल पडला होता. टोपल्या नऊ होत्या. गोल दहा होते.

दहाव्या गोलाच्या वर एक रिकामी दोरी लोंबत होती आणि ती हळूहळू हलत होती. वारा नव्हता. बबिता बीएस्सी झालेली पोरगी, उगाच घाबरणारी नव्हे, तर तिनं मनाशी नीट मांडणी केली: कुणाचा तरी तांब्या सांडला, कुणी तरी दोरीला धक्का देऊन गेलं. मांडणी अगदी पक्की होती. तरी ती त्या दोरीकडे पाठ करायला तयार होईना, आणि पाऊल पाऊल मागे सरत अंगणाबाहेर आली.

४

तिनं पुन्हा तक्रार पाठवली, या खेपेला फोटोसकट. गुरुवारी उत्तर आलं. ते तिनं नवव्या पायरीवर तीनदा वाचलं.

'बबिताताई, तुम्ही पाठवलेला फोटो आम्ही तिघांनी मोठ्या पडद्यावर पाहिला. मोजणी बरोबर आहे, मुली दहाच आहेत. दोष नाही म्हणून तक्रार बंद करते. तुमची तीज फार गोड आहे. ती पिवळ्या ओढणीतली कोण? सगळ्यांत छान तीच हसते. – शीला.'

बबितानं फोटो उघडला. नऊ. राखीला जिन्यावर बोलावून दाखवला, राखीनं बोट नाचवत मोजलं, नऊ. म्हणजे टाकीच्या पायरीवर नऊ दिसतात आणि पुण्यात दहा. मशीन चुकतं हे तिला ठाऊक होतं, चुका शोधणं हाच तर तिचा छंद. पण तीन माणसं एकदम कशी चुकतील? का ती शीला थट्टा करत होती? थट्टा करायला ती काय तिची नणंद होती?

मांडवाची देखरेख नायकाच्या आईकडे, लालीबाईकडे. ऐंशीच्या घरातली बाई, दात मोजून चार, पण पोरी तिला टरकून असायच्या. बबिता तिच्याजवळ जाऊन बसली.

"लालीबाई, टोपल्या किती हायत?"

"कायले मोजतं वो? तीज मोजत नसतात. पाणी घालत असतात."

"दुपारी मांडवात कोणी येते का?"

म्हातारीनं एकदम सुपारी फोडायला घेतली. "पाणी पुरते ना समद्याइले? मंग झालं. जाय आता, फोटो काढ तुह्ये."

तिला काहीतरी माहीत होतं आणि ती ते सांगत नव्हती, एवढं बबिताला कळलं. त्या दिवसापासून तिला मांडवात पाठ उघडी वाटायची. फोटो काढताना ती आधी पडद्यावर मोजायची, मग डोळ्यांनी मोजायची, मग बटण दाबायची. नऊ, नऊ, आणि घरी मॅडमच्या तोंडी दहा. शुक्रवारी पिवळ्या ओढणीवाली राखीच्या मागे उभी होती. शनिवारी ती टाळ्या वाजवत होती. रविवारी मॅडम म्हणाली, "दहावी मुलगी फोटो काढणाऱ्याकडे हात करून बोलावते आहे."

बबितानं फोन झटकन पालथा ठेवला. पण बादल मात्र रोज त्या मुलीची वाट पाहत होता. इतका हसरा तो तीन वर्षांत दिसला नव्हता. जेवताना विचारायचा, आज काय करून राह्यली ती? बबिता चिडून म्हणायची, मले काय माहीत. मग एकदा तो मऊ आवाजात म्हणाला,

"बबी, तू फोटोत कधीच नसतं. माह्या मनात येते, दहावी तूच असशील."

"माह्यी पिवळी ओढणीच नाई."

"म्हणून काय झालं?" असं म्हणून तो मागच्या खोलीत गेला आणि त्यानं दार आतून लावून घेतलं. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. तिनं तो नीट ऐकला आणि त्याबद्दल काही विचारायचा तिला धीर झाला नाही.

५

शेवटचा दिवस मंगळवारचा निघाला. टाकीच्या जिन्यावर बबिता गेलीच नाही. नगारा वाजायला लागला होता, भाऊलोक डोक्याला रुमाल बांधून मांडवात जमले होते आणि ती फोन धरून कडेला उभी होती. नायक एकेका भावाला हाक मारायच्या तयारीत होता, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली.

लालीबाई येत होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून बादल येत होता. त्याच्या दुसऱ्या काखेत टोपली होती आणि टोपलीत वीतभर गहू, हळदीसारखा पिवळाधमक.

"अंधारात वाढला," बादल हवेत बघत म्हणाला. "उजेडाचं मले कामच नाई न. रोज दुपारी पोरी जेवाले गेल्या की जरासक वारं लागावं म्हणून लालीबाई मांडवात टांगत होती. बबिता कोठी हाय?"

बबिता तिथल्या तिथं थिजली. तो वास, ते लावलेलं दार, तो ओला गोल, हलणारी दोरी. सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं आणि तिला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणीच आलं. एवढे दिवस ती भावाच्या टोपलीला घाबरत होती.

"इथं हाय, भिया."

"टांगा याइच्यात," बादल नायकाला म्हणाला. "मधात कोठीही टांगा. मले सांगू नका."

नायकानं त्याच्याकडे पाहिलं, मिशी चावली आणि टोपली सहाव्या दोरीला टांगली. नगारा थांबला. बादल पुढे झाला. पहिली टोपली त्यानं कडेकडेनं चाचपली आणि सोडली. दुसरी सोडली. तिसरीवर तो थोडा थबकला, वर्षाचीच होती ती. ती त्यानं सोडली. चौथी. पाचवी. सहावीच्या काठावर त्याचा अंगठा थांबला. तिथं एक कवडी बांधली होती, त्यांची याडी, म्हणजे आई, रुपीबाई हिच्या जुन्या ओढणीची.

"यावेळी चूक होणार नाई," तो म्हणाला आणि त्यानं मूठ भरून गहू उपटला. मुळं तुटल्याचा करकर आवाज सगळ्यांनी ऐकला.

गहू त्यानं तिच्या केसांत खोवला. "आता जाय सुखानं केळापूरले. नाईतं म्हणशील, भाऊ आंधळा होता म्हणून माह्यी तीजच झाली नाई."

बबिता त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली आणि तिच्या मागे रुपीबाई रडली आणि मग सगळा मांडव. नायकानंही डोळे पुसले, वर म्हणाला की धूर लागला, जरी चूल तिथून बरीच लांब होती. मग नगारा पुन्हा कडाडला. पोरींनी बबिताला ओढून रिंगणात घेतलं. डावीकडे वर्षा आली. उजवा हात कुणीतरी घट्ट धरला, लहानसा हात, पाणी घालून आल्यासारखा ओलागार. राखीच असणार. रिंगण फिरायला लागलं आणि त्या हातानं तिला असं काही ओढलं की तिचे पाय जमिनीला लागतात की नाही ते तिला कळेना. तीन वर्षांत ती एवढी आनंदात नव्हती. फोटो नायकानं काढला.

दम खायला थांबल्यावर ती बादलशेजारी टेकली. नऊ पोरी आणि मी, दहा, तिनं मनात म्हटलं. आता मॅडम खरी ठरणार. पिवळी ओढणी म्हणजे त्या पिवळ्या गव्हाची गफलत, सुटलं कोडं. फोटो सगळे सकाळचे होते आणि टोपली मांडवात दुपारी यायची, हे आनंदाच्या भरात तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं फोटो लावून फोन भावाच्या कानाशी धरला.

"अकरा मुली रिंगण धरून नाचत आहेत," मॅडम म्हणाली. "मधल्या मुलीच्या केसांत पिवळा गहू आहे. तिच्या उजव्या हाताला पिवळ्या ओढणीतली मुलगी आहे. दोघी हसत आहेत."

बबितानं फोन हळूच आपल्याकडे वळवला. ती स्वतः होती, तोंड भरून हसणारी. डावीकडे वर्षा. उजवीकडे एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी आणि त्यापलीकडे निळ्या ओढणीत राखी. बबिताचा उजवा हात त्या जागेत पुढे गेलेला, बोटं मिटलेली. राखीचा डावा हात तसाच, बोटं मिटलेली.

तिनं आपला उजवा तळवा पाहिला. तो अजून ओला होता.

"काहून गप्प झाली?" बादल म्हणाला. "चुकली का मॅडम? कळव मंग तुह्या शीलाताईले."

तिला भीती वाटली का? वाटली. पण त्या हाताची ओढ अजून तिच्या खांद्यात होती आणि ती ओढ वाईट नव्हती, हेही तितकंच खरं होतं.

"नाई, भिया," ती म्हणाली. "बरोबर मोजलं."

"दिसली का तुले?"

"नाई. पण हाय."

बादलनं मान डोलावली. त्याला यात नवल वाटलं नाही. न दिसणारं असतं, हे त्याला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. नगारा पुन्हा सुरू झाला, पोरी हाका मारायला लागल्या. बबितानं फोन भावाच्या खिशात सारला, केसांतला गहू नीट खोचला आणि रिंगणात जाऊन उभी राहिली. डावा हात तिनं वर्षाच्या हातात दिला. उजवा पुढे केला आणि मोकळा ठेवला. राखी हसत पळत आली आणि कुणी काही न सांगता एक जागा सोडून उभी राहिली.